आधी उतरविणे, मग उडविणे

(न्यासाच्या सुवर्णमहोत्सवी कार्यक्रमात विद्यार्थी व पालक यांच्यासमोर झालेले भाषण)



सुवर्णमहोत्सवाच्या निमित्ताने न्यासाने आपल्या विज्ञान मंडळाला दोन लहान ड्रोन दिले आहेत आणि ते मुलांच्या हाती सोपविण्याचे काम मजकडे आले आहे. या कामी माझी योग्यता एवढीच, की आपणा सर्वांच्या आधी मी चूक करून बसलो आहे. तीच हकीगत प्रथम सांगतो.

२०२२ सालच्या उन्हाळ्यात माझ्या भाच्याने हौसेने घेतलेला एक ड्रोन आमच्या खानापूर तालुक्यातील घरी आला. वजन २५० ग्रॅमच्या आत. एवढ्याशा खेळण्याला कसले आले नियम, असे म्हणून मी गच्चीवर चढलो. पहिली चार मिनिटे आनंदात गेली. मग वारा सुटला, यंत्र लांब गेले व दिसेनासे झाले. मी घाबरून परत बोलाविण्याचे बटण दाबले. यंत्र आज्ञाधारकपणे २० मीटर उंचीवरून सरळ घराकडे निघाले. वाटेत शेजारचा माड त्याहून उंच होता. ही गोष्ट त्याला ठाऊक नव्हती आणि मी ती सांगितली नव्हती. झावळीला धडकून ते परड्यातल्या चटईवर आदळले. दोनच मिनिटांपूर्वी त्या चटईवर शेजारच्या आजी नातवाला घेऊन बसल्या होत्या. पाणी प्यायला आत गेल्या म्हणून निभावले.

मी धावत जाऊन क्षमा मागितली. आजी रागावल्या नाहीत. एवढेच म्हणाल्या, “गुरुजी, पडलं ते पडलं. पण ते आमच्या परड्यावर काय करत होतं?”

या प्रश्नाला माझ्यापाशी उत्तर नव्हते. आज जे सांगणार आहे ते सारे त्या प्रश्नातून शिकलेले आहे.

पहिली गोष्ट हाताच्या सवयीची. ज्याला उतरविता येत नाही त्याने उडवू नये. मोकळे मैदान पाहावे. जवळ विजेच्या तारा, झाडे किंवा रस्ता नसावा. सकाळी वारा कमी असतो, ती वेळ बरी. यंत्र डोक्याइतके उचलावे, क्षणभर स्थिर ठेवावे आणि खाली ठेवावे. हेच दहा वेळा करावे. पाती फिरत असताना कोणीही जवळ जाऊ नये व हाताने झेलू नये, बोट कापते. यंत्राचे तोंड आपल्याकडे वळले की डावे-उजवे उलटे होते, आणि नवशिका नेमका तेथेच गोंधळतो. हा सराव कमी उंचीवर पुरा झाल्याशिवाय लांब पाठवू नये.

उड्डाणापूर्वी पाती तडकली आहेत काय ते पाहावे. उपग्रहांचा संकेत मिळून परतीची जागा नोंदली जाईपर्यंत थांबावे. परतीची उंची भोवतालच्या सर्वांत उंच झाडाहून व मनोऱ्याहून अधिक ठेवावी. स्लॅबमधील लोखंडाने यंत्रातील होकायंत्र चुकते, म्हणून गच्ची ही उड्डाणाची जागा नव्हे. बॅटरी तिसरा हिस्सा उरली की परत फिरावे, कारण वाऱ्याविरुद्ध येताना ती लवकर संपते. यंत्र सतत डोळ्यांना दिसले पाहिजे. केवळ पडद्यावर दिसणे म्हणजे दिसणे नव्हे. घार घिरट्या घालू लागली तर वाद न घालता खाली यावे. आकाश तिचे आहे.

ही बॅटरी लिथियमची असते. तापलेली लगेच चार्जिंगला लावू नये, अंथरुणावर ठेवू नये, रात्री लावून झोपू नये. फुगलेली बॅटरी पुन्हा वापरू नये आणि घरच्या कचऱ्यातही टाकू नये. तिने आग लागते.

दुसरी गोष्ट कायद्याची. केंद्र सरकारचे ड्रोन नियम २५ ऑगस्ट २०२१ रोजी प्रसिद्ध झाले. त्यांत २५० ग्रॅमपर्यंतचा ड्रोन नॅनो आणि त्यापुढे २ किलोपर्यंतचा मायक्रो. नॅनोला, तसेच व्यापारी हेतू नसलेल्या मायक्रोला, वैमानिकाचा परवाना लागत नाही. पण परवाना लागत नाही याचा अर्थ कोठेही उडवावा असा नव्हे. आकाशाचे हिरवा, पिवळा व तांबडा असे विभाग केले आहेत. हिरव्यात ४०० फुटांपर्यंत मोकळीक असते. विमानतळाच्या हद्दीपासून ८ ते १२ किलोमीटरच्या पट्ट्यात ती २०० फुटांपर्यंतच. पिवळ्यात हवाई वाहतूक नियंत्रकांची परवानगी लागते, तांबड्यात केंद्र सरकारची. नियम मोडल्यास दंड १ लाख रुपयांपर्यंत होऊ शकतो.

आपल्या बेळगावकरांना हे विशेष ध्यानात ठेवले पाहिजे. सांबऱ्याला विमानतळ आहे, हवाई दलाचे ठाणे आहे. शहरात कॅन्टोन्मेंट आणि मराठा लाइट इन्फंट्रीचे केंद्र आहे. म्हणून कालचा नकाशा आज चालणार नाही. सरकारी नकाशा त्याच दिवशी पाहावा. मिरवणूक, सभा वा बंदोबस्त असेल तेथे पोलिसांची तात्पुरती बंदीही असते. शंका आली तर ठाण्यावर विचारावे. विचारण्यात कमीपणा नाही. आणखी एक. ९ फेब्रुवारी २०२२ पासून परदेशी बनावटीचे तयार ड्रोन आयात करण्यास मनाई आहे. तेव्हा आखातातल्या काकांना “येताना एक आणा” असा निरोप कृपा करून पाठवू नका. त्यांच्यावर विमानतळावर खाली मान घालण्याची पाळी येईल.

तिसरी गोष्ट कायद्याच्याही आधीची आहे. पतंग दुसऱ्याच्या अंगणावर गेला तरी त्याला डोळे नसतात. ड्रोनला असतात. ज्या परड्यात आया-बहिणी केस वाळवतात, वाटण करतात, मोकळेपणाने बसतात, तेथे डोकावण्याचा अधिकार आपल्याला कोणी दिला? भिंतीवरून डोकावणाऱ्या मुलाला आपण कान धरून घरी आणतो. यंत्राने डोकावले तर ते विज्ञान होत नाही. शेजाऱ्याला आधी सांगावे, नको म्हटले तर उडवू नये, आणि चुकून कोणाचे चित्र आले तर त्याच्यासमोर पुसावे.

आपल्या मंडळाचा नियम मी साधा ठेवला आहे. प्रत्येक उड्डाणाची नोंद वहीत होईल: जागा, वेळ, वारा आणि सोबतच्या वडीलधाऱ्याची सही. जो विद्यार्थी एखाद्या दिवशी “आज वारा आहे, नको” असे लिहून यंत्र पेटीत परत ठेवील, त्याचे ते उड्डाण मी यशस्वी धरणार आहे.

त्या आजी आज समोर पहिल्याच रांगेत बसल्या आहेत. आमचे पहिले उड्डाण त्यांना विचारून, त्यांच्या परड्यापासून दूर, नदीकाठच्या मैदानात होईल. त्यांनी यावे अशी माझी त्यांना विनंती आहे.