कासवाचे वेळापत्रक आणि पाहुण्याची मर्यादा



तीर्थयात्रेपासून शालेय सहलीपर्यंत मराठी समाजाने प्रवासाला नेहमीच शिक्षणाचा मान दिला आहे. परंतु पाहुण्यांची संख्या यजमानाच्या पाणवठ्याला झेपेनाशी झाली, की त्याच प्रवासाचे ओझे होते. २०१८ च्या उन्हाळ्यात सिमल्याने हे अनुभवले. ऐन हंगामात शहराचे पाणी आटले, नागरिक टँकरपुढे रांगा लावून उभे राहिले आणि पर्यटकांनी तूर्त येऊ नये, असे आवाहन रहिवाशांनाच करावे लागले.

पर्यटनाने गावाचे पोट भरावे, पण गावच गिळू नये, हे साधायचे कसे? रत्नागिरी जिल्ह्यातील मंडणगड तालुक्यातल्या वेळास या लहानशा गावाने त्याचे एक उत्तर शोधले आहे.

ऑलिव्ह रिडले जातीची समुद्री कासवे येथे अंडी घालतात. मादी रात्री वाळूत खड्डा करते, शंभराच्या आसपास अंडी घालून ती झाकते आणि समुद्रात निघून जाते. राखण करायला ती थांबत नाही. पूर्वी ही अंडी कुत्री-कोल्हे खात, माणसेही उकरून नेत. २००२ मध्ये चिपळूणच्या ‘सह्याद्री निसर्ग मित्र’ या संस्थेने ग्रामस्थांच्या साहाय्याने संवर्धन सुरू केले. सापडलेली अंडी कुंपणाच्या आत, वाळूतच सुरक्षित ठेवली जाऊ लागली.

केवळ उपदेशाने मात्र संवर्धन टिकत नाही. कासव जगण्यात गावालाही आपले हित दिसावे लागते. २००६ मध्ये कासव महोत्सव सुरू झाला. पाहुणे ग्रामस्थांच्या घरी उतरतात, त्या घरचेच साधे जेवण जेवतात आणि त्याचा मोबदला त्याच घरात राहतो. उकरलेली अंडी एकदाच पैसा देतात. समुद्राकडे निघालेले पिल्लू दरवर्षी पाहुणे आणते.

या व्यवहाराचा कणा आहे तो शिस्तीचा. सकाळी आणि संध्याकाळी घरट्यांवरील टोपल्या उचलल्या जातात. पिल्ले बाहेर आली असतील, तर ती दुरूनच पाहायची असतात. कृत्रिम प्रकाशाने पिल्ले दिशा चुकतात, म्हणून कॅमेऱ्याचा झगमगाट तेथे नको. कधी टोपलीखाली एकही पिल्लू नसते आणि दुरून आलेले कुटुंब न पाहताच परतते. पाहुण्याची खरी परीक्षा त्या क्षणी होते.

यशालाही धोका असतोच. गर्दी वाढली, किनाऱ्यालगत रात्रभर दिवे जळू लागले, तर मादी तो किनारा टाळू लागेल. कासव गेले, की पाहुणे जातील आणि घरोघरीची मिळकतही जाईल. म्हणून मर्यादा ही पर्यटनाची वैरीण नव्हे. तीच त्याची पुंजी राखते.

महाराष्ट्राबाहेर वाढणाऱ्या मुलांना सुट्टीत कोकण दाखवणाऱ्या पालकांनी, किंबहुना कोठेही जाणाऱ्या प्रत्येक कुटुंबाने, निघण्यापूर्वी तीन प्रश्न विचारावेत: आपला पैसा कोणाच्या घरात जाणार? आपण वापरणार ते पाणी कोणाच्या वाट्याचे? आपला कचरा कोठे पडणार? आणि वेळासला पिल्लू दिसले नाही, तर हिरमुसल्या मुलाची समजूत दुसरी एखादी मौज विकत घेऊन काढू नये. “त्याची वेळ आज नव्हती,” एवढेच सांगावे. कोणत्याही वर्गात सहजी शिकवता न येणारा हा धडा आहे.