सांभाळणारीची तब्येत

आम्ही गव्हाणच्या बचत गटाच्या बाया. आज कॅन्सरबद्दल बोलायचंय, पण पेशंटबद्दल नाही. पेशंटचा हात धरून जी जाते, तिच्याबद्दल.

आपल्याकडून खारघरचं टाटा, सेक्टर 22 मधलं, तसं जवळ. खारकोपरला लोकल धरायची, बेलापूरला बदलायची, की पुढचंच स्टेशन. पण केसपेपर, रांग, रक्ततपासणी, किमोची बाटली संपेपर्यंत बसणं, यात दिवस जातो. घरी आल्यावर भाकऱ्या तिच्याच हातच्या. रात्री पेशंटला उलटी झाली की उठणारी तीच. पेशंटच्या फायलीत प्रत्येक रिपोर्ट लावलेला असतो. स्वतःचं बीपी शेवटचं कधी मोजलं, ते मात्र तिला आठवत नाही. विचारलं तर म्हणते, “मला काय धाड भरलीय?”

मग कुणीतरी सांगतं, योगा कर. सल्ला चांगला आहे. पण ती चटई पसरेल तेव्हा पेशंटजवळ कोण बसणार? म्हणून आमच्या गटात आसनं नंतर आली, आधी वार वाटून घेतले. रोज संध्याकाळी एकीने अर्धा तास त्या घरी बसायचं. गप्पा नाही मारल्या तरी चालतात. पाणी द्यायचं, हाक आली तर उठायचं. आमच्या मते अर्धं औषध इथंच आहे.

आता तो अर्धा तास. पेशंटला उठवून-बसवून तिची कंबर गेलेली असते. आधी मार्जरासन करा. मांजरीसारखं हात-गुडघ्यांवर राहायचं. श्वास घेताना छाती पुढे, मान वर. सोडताना पाठ वर उचलायची, मान खाली. सावकाश 8-10 वेळा. गुडघे दुखत असतील तर खुर्चीत बसून हेच करता येतं. मग मकरासनात पालथं पडून राहा, आणि शेवटी शवासन. त्यात झोप लागली तर लागू द्या, शास्त्र बुडत नाही.

सगळ्यात सोपा श्वास. घेतो त्यापेक्षा सोडायला जास्त वेळ लावायचा. श्वास सोडताना हृदयाचे ठोके थोडे मंदावतात, जीव निवतो. तोंड मिटून भुंग्यासारखा आवाज केला, म्हणजे भ्रामरी, तर श्वास आपोआप लांबतो. आपल्या धवलारणींना हे कुणी शिकवायला लागलं नाही. लग्नात रात्र रात्र धवले गाणाऱ्या बायांचा श्वास बघा! दवाखान्याच्या रांगेतसुद्धा हा श्वास करता येतो, कुणाला कळत नाही. ज्यांना बीपी आहे, हृदयाचा त्रास आहे, त्यांनी श्वास रोखून धरू नये.

एक गोष्ट ठणकावून सांगतो. योगाने कॅन्सर बरा होतो, असं कुणी म्हणालं तर ऐकू नका. लोणावळ्याच्या कैवल्यधामात स्वामी कुवलयानंदांनी 1924 पासून योगाचा शास्त्रीय अभ्यास सुरू केला, तो आसनं अंगात काय करतात ते यंत्रांनी मोजून बघण्यासाठी, चमत्कार सांगण्यासाठी नाही. किमो, रेडिएशन चुकवायचं नाही.

पेशंटला उचलताना कंबरेतून वाकू नका. गुडघे वाकवा, त्याला अंगाजवळ घ्या. कॅन्सर शिवाशिवीने होत नाही, तेव्हा ताट-वाटी वेगळी ठेवायची गरज नाही. मात्र किमोनंतर निदान दोन दिवस उलटी-लघवीचे कपडे हातमोजे घालून आणि वेगळे धुवा. घरात गरोदर बाई असेल तर तिने ते काम करू नये.

तिची स्वतःची तपासणीही राहू देऊ नका. तिशीनंतर तोंड, स्तन आणि गर्भाशयाचं तोंड, या तिन्हींची तपासणी सरकारी आरोग्य केंद्रात मोफत होते. आणि झोप उडाली, सारखं रडू येतंय, जगावंसं वाटत नाही, असं झालं तर 14416 हा सरकारचा टेलिमानस नंबर आहे. पैसे लागत नाहीत, दिवसरात्र चालू असतो, मराठीतून बोलता येतं. वेड लागलेल्यांसाठी आहे असं समजून मागे राहू नका.

आमच्या वारांपैकी गुरुवारचा अर्धा तास अजून कुणी घेतलेला नाही. मासळीचा बाजार लवकर आटोपणाऱ्या कुणाला जमत असेल, तर येत्या बैठकीत नाव सांगा.