औषध मागावें कीं विद्या मागावी?

शेजारच्या घरीं दुखणें आलें कीं चौकशीस जाणें आणि गरज पडल्यास औषध आणून देणें, ही आपली जुनी रीत आहे. राष्ट्राराष्ट्रांमध्येंही ती आतां रुळली आहे. कोठें सांथ उद्भवली म्हणजे एका देशांतून दुसऱ्या देशांत औषधांच्या पेट्या जातात. हें सत्कृत्य आहे यांत शंका नाहीं. परंतु पेटी रिकामी झाल्यावर पुढें काय, हा प्रश्न घेणाऱ्यापुढें उभा राहतोच. शेजाऱ्यानें औषध द्यावें, कीं औषध करण्याची विद्या द्यावी? आणि ती मिळाल्यावर घेणाऱ्याचें कर्तव्य कोणतें? या प्रश्नांचा विचार करण्यास पुणें-मुंबई लोहमार्गावरील दोन गांवांचा इतिहास उपयोगी पडेल. त्यांतील एक तळेगांव दाभाडे व दुसरें पिंपरी.

तळेगांवास १९०८ मध्यें पैसा फंडाचा कांचकारखाना निघाला. लोकांकडून एकेक पैसा गोळा करून त्यांतून देशी उद्योग उभा करावा, ही अंताजी दामोदर काळे यांची कल्पना. लोकमान्य टिळकांचा तिला पाठिंबा होता. परंतु पैसा जमणें निराळें आणि कांच करण्याची कला साधणें निराळें. ती कला ईश्वरदास वार्ष्णेय यांनीं जपान व अमेरिका येथें जाऊन शिकून आणली होती. कारखान्याबरोबर तरुणांना ती शिकविण्याचीही सोय झाली. पुष्कळांचा थोडथोडा पैसा, दूरदेशाहून आणलेली विद्या आणि शिकण्यास सिद्ध झालेले आपले हात, या तीन गोष्टी एकत्र आल्या, तेव्हां तळेगांवची भट्टी पेटली.

याच तीन गोष्टी पुढें फार मोठ्या प्रमाणावर एकत्र आल्या त्या पिंपरीस. तळेगांवाहून पुण्याकडे जाणारी गाडी देहूरोड, आकुर्डी, चिंचवड हीं स्थानकें मागें टाकून पिंपरीला पोंचते. येथें १९५४ मध्यें हिंदुस्थान अँटिबायोटिक्स या सरकारी कंपनीची स्थापना झाली आणि १९५५ मध्यें पेनिसिलिन तयार होऊं लागलें. आज उद्योगनगरी म्हणून गाजणाऱ्या या परिसरांतील हा आरंभीच्या मोठ्या कारखान्यांपैकीं एक होय.

पेनिसिलिन हें औषध मुळांतच अनेक देशांच्या सहकार्याचें फळ आहे. १९२८ मध्यें लंडनच्या एका रुग्णालयांत अलेक्झांडर फ्लेमिंग यांना एका बुरशीच्या भोंवतीं जंतु वाढत नाहींत असें आढळलें. सुमारें दहा वर्षांनंतर ऑक्सफर्ड येथें ऑस्ट्रेलियांत जन्मलेले फ्लोरी आणि जर्मनींतून परागंदा झालेले चेन यांनीं त्या बुरशींतून औषध वेगळें करण्याचें काम हातीं घेतलें. महायुद्ध पेटल्यामुळें इंग्लंडांत तें मोठ्या प्रमाणावर करणें जमेना, म्हणून १९४१ मध्यें फ्लोरी व त्यांचे सहकारी हीटली अमेरिकेस गेले. तेथें पिओरिया गांवच्या बाजारांतील एका बुरसटलेल्या खरबुजावर अधिक औषध देणारी बुरशी सांपडली. मक्याच्या पिठाच्या कारखान्यांतील टाकाऊ पाण्यांत ती जोमानें वाढते, हेंही तेथेंच दिसून आलें. मोठमोठ्या टांक्यांत हवा खेळवून ती वाढविण्याची युक्ति साधली आणि औषध मुबलक झालें. मात्र ही युक्ति थोड्या देशांच्या व थोड्या कंपन्यांच्या हातीं राहिली. इतरांनीं औषध विकत घ्यावें, असा व्यवहार होता.

हा व्यवहार मोडावा असें वाटणाऱ्यांत सर साहिबसिंग सोखे हे प्रमुख होते. मुंबईच्या हाफकिन संस्थेचे संचालक म्हणून काम केल्यावर ते जागतिक आरोग्य संघटनेचे साहाय्यक महासंचालक झाले. प्रत्येक मोठ्या देशानें आपलें औषध आपण करावें, हा त्यांचा आग्रह होता. अखेरीस भारत सरकार, जागतिक आरोग्य संघटना आणि संयुक्त राष्ट्रांचा बालनिधि म्हणजे युनिसेफ यांच्यांत करार झाला. जमीन, इमारती व मनुष्यबळ भारताचें. परदेशांतून आणावयाची यंत्रसामग्री युनिसेफची. आणि तज्ज्ञांचा सल्ला व आपल्या लोकांचें शिक्षण यांची जबाबदारी आरोग्य संघटनेची. युनिसेफचा निधि अनेक देशांच्या सरकारांनीं व सामान्य नागरिकांनीं स्वेच्छेनें दिलेल्या रकमांचा असतो. तो एका परीनें जगाचा पैसा फंडच होय!

देणाऱ्यांनीं घातलेल्या अटी लक्षांत घेण्यासारख्या आहेत. नफा वसूल करण्याची अट नव्हती. माता व बालकें यांच्या उपचारासाठीं औषधाचा कांहीं भाग विनामूल्य वांटावा, आणि येथें मिळालेलें ज्ञान इतरांसही खुलें असावें, अशी अपेक्षा होती. देणाऱ्यानें येथें आपला ग्राहक तयार केला नाहीं, तर सहकारी तयार केला.

या औषधाचा प्रभाव पाहावयाचा असल्यास यॉज या रोगाचें उदाहरण घ्यावें. हा त्वचेचा व हाडांचा संसर्गजन्य रोग वनांत राहणाऱ्या गरीब कुटुंबांतील मुलांना विद्रूप करीत असे. महाराष्ट्रही त्यांतून सुटला नव्हता. दीर्घकाळ टिकणाऱ्या पेनिसिलिनच्या एका टोंचणीनें हा रोग बरा होतो. गांवोगांव फिरून रुग्ण शोधण्याचें काम अनेक वर्षें चाललें. २००३ नंतर देशांत नवा रुग्ण आढळला नाहीं, आणि २०१६ मध्यें जागतिक आरोग्य संघटनेनें भारत या रोगापासून मुक्त झाल्याचें मान्य केलें.

पिंपरीच्या प्रयोगशाळेंत केवळ नक्कल झाली असेंही नाहीं. बुरशीजन्य रोगांवर चालणारें हॅमायसिन हें औषध येथेंच शोधून काढण्यांत आलें, आणि त्याला नांवही कारखान्याच्या आद्याक्षरांवरून मिळालें.

परंतु मिळालेली विद्या रोज घांसावी लागते. जगांत नवीन वाण व नवीन रीती निघत गेल्या. १९९० नंतर चीनहून अत्यंत स्वस्त पेनिसिलिन येऊं लागलें. आणि १९९७ मध्यें पिंपरीच्या कारखान्याचें प्रकरण आजारी उद्योगांचा विचार करणाऱ्या मंडळापुढें गेलें. पुढें अशी स्थिति आली कीं, ज्या देशानें ही विद्या एवढ्या प्रयासानें मिळविली, त्याला मूळ पेनिसिलिन बाहेरून आणावें लागलें. २०२४ मध्यें आंध्रांतील काकिनाडा येथें नवा कारखाना सुरू झाला, तेव्हां कोठें हा तुटलेला धागा पुन्हां जोडला गेला. विद्या दान म्हणून मिळते. तिचा सांभाळ मात्र कोणी दान देत नाहीं.

याच पुणें परिसरानें पुढें देणाऱ्याची भूमिकाही केली, हें सांगावयास हवें. आफ्रिकेंत सेनेगालपासून इथिओपियापर्यंतच्या पट्ट्यांत मेनिंजायटिसची, म्हणजे मेंदूच्या आवरणाच्या दाहाची, सांथ वारंवार येई. १९९६-९७ च्या सांथींत अडीच लाखांहून अधिक लोक आजारी पडले व सुमारें २५,००० दगावले. महाग लस तेथील सरकारांना परवडणारी नव्हती. एका मात्रेस अर्ध्या डॉलरहून अधिक किंमत पडतां कामा नये, असें त्यांनीं स्पष्ट सांगितलें. तेव्हां जागतिक आरोग्य संघटना व पाथ ही अमेरिकन संस्था यांनीं २००१ मध्यें एक योजना आंखली. लस जोडण्याची रीत अमेरिकेच्या सरकारी प्रयोगशाळेनें दिली, आरंभीचा कच्चा माल हॉलंडमधून आला, आणि लस तयार करण्याचें काम पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटनें पत्करलें. डिसेंबर २०१० मध्यें बुर्किना फासो या देशांत ती टोंचण्यास प्रारंभ झाला. नंतरच्या दहा वर्षांत कोट्यवधि लोकांना ती मिळाली, आणि ज्या 'अ' जातीच्या जंतूनें ही सांथ पसरे, तो त्या पट्ट्यांतून जवळजवळ नाहींसा झाला.

येथें कथा संपविणें सोपें होतें. पण २०२१ सालीं जें घडलें तें विसरून चालणार नाहीं. कोविडच्या लसीसाठीं अनेक गरीब राष्ट्रें पुण्याच्या याच संस्थेवर अवलंबून होतीं. भारतांत दुसरी लाट उसळली, आपल्याच घरांत हाहाकार झाला, आणि लसीची निर्यात कांहीं महिने थांबली. आपल्या माणसांना आधीं वांचवावें, हें स्वाभाविक होतें. तरी दूरदेशीं वाट पाहणाऱ्या वृद्धांचें व परिचारिकांचें काय झालें असेल, याची कल्पना सहृदय मनुष्यास अस्वस्थ करील. दोष एका संस्थेचा किंवा एका देशाचा नव्हता. साऱ्या जगाचें पाणी एकाच विहिरीवर ठेविलें, हा तो दोष. म्हणूनच त्याच वर्षीं दक्षिण आफ्रिकेंतील केपटाउन येथें नव्या तऱ्हेच्या लसींची विद्या शिकविणारें केंद्र काढण्याचें आरोग्य संघटनेनें ठरविलें. तेथें शिकून अनेक देशांनीं आपापली लस करावी, असा त्यामागील हेतु आहे.

तेव्हां औषध मागावें कीं विद्या मागावी, या प्रश्नाचें उत्तर असें दिसतें. संकट दाराशीं आलें असतां औषध मागण्यांत लाज नाहीं आणि देण्यांत उपकार नाहीं. परंतु संकट ओसरल्यावर विद्या मागावी, ती मिळाल्यास जिवापाड जपावी, आणि जपलेली विद्या पुढच्यास शिकवावी. आपल्या घरांतील बालकाला लस टोंचली जाते, त्या लहानशा कुपीमागें किती देशांचे हात असतात, हें मुलांना समजावून सांगावें. उद्यां त्यांच्यांतूनच कोणी ती विद्या दूरच्या एखाद्या गांवीं शिकविण्यास निघाला, तर आपल्याला मिळालेल्या ऋणाची ती योग्य फेड होईल.