दंड भरला, तरी लायसन्सचं काय?

(वर्सोव्यात तरुणांसमोर केलेलं भाषण)



मी वकील नाही, सॉफ्टवेअर इंजिनिअर आहे. मोटार वाहन कायदा वाचायला लागलो तो मामेभावामुळे. तो स्कूटरवरून खाण्याच्या ऑर्डरी पोहोचवतो. एका रात्री डोक्यावर हेल्मेट नव्हतं, मोबाइलवर ई-चलन आलं, त्याने दंड भरला आणि विसरून गेला. काही महिन्यांनी कळलं की लायसन्स तीन महिन्यांसाठी निलंबित आहे. सुनावणीची नोटीस लायसन्सवरच्या जुन्या पत्त्यावर गेली होती. ते घर मामूंनी कधीच सोडलेलं. चूक आमचीच, पत्ता बदलून घेतला नव्हता.

दंड भरला म्हणजे सुटलो, हा समज आधी डोक्यातून काढा. २०१९ च्या दुरुस्तीनंतर कलम २०० मध्ये स्पष्ट लिहिलंय की दंड भरून गुन्हा मिटवला तरी लायसन्सवरची कारवाई थांबत नाही. विनाहेल्मेट आणि ट्रिपल सीट, या दोन्हींसाठी दंडाबरोबर तीन महिन्यांची अपात्रता कायद्यातच आहे. मुंबईत जून २०२२ पासून मागे बसणाऱ्याच्या हेल्मेटसाठीही कारवाई सुरू झाली. म्हणजे दोस्ताला ‘बस मागे’ म्हणताना विचार करा.

आता पोलिसाने लायसन्स घेतलं तर? तो पावती देतो. इथे बहुतेक जण फसतात, म्हणून जरा सावकाश सांगतो. कलम २०६ मध्ये दोन प्रकारच्या पावत्या आहेत. पोटकलम ३ च्या पावतीवर, लायसन्स परत मिळेपर्यंत किंवा पावतीवर लिहिलेल्या तारखेपर्यंत, गाडी चालवता येते. पोटकलम ४ ची पावती वेगळी. वेग, धोकादायक ड्रायव्हिंग, दारू, शर्यत, हेल्मेट, ट्रिपल सीट अशा गुन्ह्यांत लायसन्स घेऊन परवाना प्राधिकरणाकडे, म्हणजे आरटीओकडे पाठवतात. त्या पावतीवर गाडी चालवता येत नाही. कागद सारखाच दिसतो, म्हणून तिथेच उभं राहून पोटकलम वाचा.

पोलीस लायसन्स जप्त करून पाठवू शकतो. निलंबनाचा निर्णय आरटीओचा. कोलकाता उच्च न्यायालयाने २०२२ मध्ये पोलिसांनी काढलेल्या निलंबनाच्या आदेशाबाबत हेच सांगितलं. तो निकाल मुंबईत बंधनकारक नाही, पण कलम १९ चे शब्द इथेही तेच आहेत. आणि तेच कलम सांगतं की निर्णयाआधी तुम्हाला बाजू मांडायची संधी द्यावी लागते. प्राधिकरण तुम्हाला सोडू शकतं, पहिल्या वेळी तीन महिने अपात्र ठरवू शकतं, दुसऱ्या वेळी लायसन्स रद्दही होतं.

म्हणून नोटीस आली तर जा. अंधेरीचं आरटीओ आंबिवलीत, इथून जवळच आहे. लेखी उत्तर द्या आणि त्याच्या प्रतीवर पोचशिक्का घ्या. गाडी तुमची पण चालवणारा दुसरा असेल, तर चलनाचा फोटो जोडा. आपल्याकडे नोटीस आली की ‘नाव बघूनच केलं असेल’ अशी कुजबुज होते. कधी तसं घडतही असेल. पण सुनावणीत ते म्हणायचं तर तारीख, वेळ, चलन क्रमांक, साक्षीदार लागतात. नुसत्या रागाची नोंद कोणी घेत नाही.

आदेश विरोधात गेला तर तो मिळाल्यापासून ३० दिवसांत अपील करता येतं. नोटीसच मिळाली नाही, हा मुद्दा तिथे मांडता येतो. अपील कोणाकडे, हे आदेशात नसेल तर लेखी विचारा. वकिलाचे पैसे नसतील तर १५१०० वर फोन करा. विधी सेवा प्राधिकरणाकडून उत्पन्नमर्यादेत बसणाऱ्यांना मोफत मदत मिळते, आणि बहिणींना उत्पन्नाची अटच नाही.

निलंबनाच्या काळात मात्र गाडीला हात लावू नका. कलम १८२ खाली तीन महिन्यांपर्यंत कैद, दहा हजार रुपये दंड, किंवा दोन्ही. त्याहून भारी म्हणजे विमा. त्या काळात तुमच्या हातून अपघात झाला तर विमा कंपनी हात वर करू शकते, आणि लाखोंची भरपाई घरच्यांच्या अंगावर येते. मामेभाऊ नोटीस माहीत नसताना कितीतरी रात्री गाडी चालवत होता. काही झालं नाही, अल्लाहची मेहरबानी.

त्याचे तीन महिने सरले, रिफ्रेशर कोर्सही झाला. त्याशिवाय लायसन्स परत मिळत नाही. तेवढे दिवस तो एका किराणा दुकानात बसला, कमाई निम्मी.

मगरिबला अजून वीस मिनिटं आहेत. मोबाइल काढा, परिवहनच्या सारथी पोर्टलवर आपल्या लायसन्सची स्थिती आणि पत्ता बघा. कोणाकडे नोटीस असेल तर इथे पुढे घेऊन या, एकत्र वाचू.