परत न आलेला अंक

(माजी विद्यार्थी स्नेहमेळाव्यातील मनोगत)



संयोजकांनी मला फोन करून सांगितलं, "तू सॉफ्टवेअरमध्ये आहेस, तेव्हा कृत्रिम बुद्धिमत्तेवर वीस मिनिटं बोल." मी म्हटलं, त्यावर सध्या सगळेच बोलतात, मला कॉमिक्सवर बोलू द्या. फोनवर जरा वेळ शांतता होती. मग ते म्हणाले, "बोल, पण दहाच मिनिटं." तेव्हा दहा मिनिटांत आटोपते.

सुरुवात एका बातमीने करते. 2025च्या नोव्हेंबरात अमेरिकेत एका कॉमिकचा लिलाव झाला. 1939 सालचा 'सुपरमॅन'चा पहिला अंक. किंमत आली 91 लाख 20 हजार डॉलर, म्हणजे आपले 80 कोटी रुपये तरी झाले. कॅलिफोर्नियातल्या तीन भावांना आईच्या निधनानंतर घर आवरताना तो माळ्यावर, जुन्या वर्तमानपत्रांच्या खाली सापडला. त्याच्या आधीच्या वर्षी, 2024 मध्ये, 'अ‍ॅक्शन कॉमिक्स'चा पहिला अंक 60 लाख डॉलरना गेला होता. सुपरमॅन जगात पहिल्यांदा आला तो या अंकात, 1938 साली. तेव्हा त्याची किंमत होती 10 सेंट.

माझ्या ऑफिसातल्या तरुण मुलांनी ही बातमी वाचून विचारलं, "मॅडम, ही गोष्ट तर इंटरनेटवर वाचायला मिळते. मग कागदाला एवढे पैसे कशाला?" प्रश्न बरोबर आहे. आमच्या धंद्यात मूळ प्रत आणि नक्कल यांत फरकच नसतो. फाइल हजार वेळा कॉपी केली तरी हजारावी पहिलीइतकीच चांगली. तेव्हा हे लोक गोष्टीसाठी पैसे देत नाहीत, हे उघड आहे. मग कशासाठी देतात?

मी थोडं वाचन केलं. पहिलं कारण पहिलेपणाचं. ज्या अंकात एखादं पात्र प्रथम आलं, त्याचा मान वेगळा. दुसरं कारण जास्त मजेशीर आहे. 'अ‍ॅक्शन कॉमिक्स'चा तो अंक छापला होता दोन लाखांच्या आसपास, पण आज जेमतेम शंभर प्रती उरल्या असाव्यात असा जाणकारांचा अंदाज आहे. बाकीच्या कुठे गेल्या? मुलांनी वाचून फाडल्या, आयांनी फेकल्या, आणि दुसऱ्या महायुद्धात सरकारने रद्दी गोळा करायची मोहीम काढली तेव्हा लगद्यात गेल्या. म्हणजे लाखो लोकांनी फेकलं, म्हणून शंभरांची किंमत वाढली.

याचा उलटा पुरावाही आहे. 1992 साली कंपनीने सुपरमॅनला मारण्याचा अंक काढला. लोकांना वाटलं, याचे पुढे लाखो होणार. त्यांनी काळ्या प्लॅस्टिकच्या पाकिटात आलेला तो अंक पाकीटही न फोडता जपून ठेवला. लाखो लोकांनी जपला, आणि म्हणूनच आज त्याला फारसं कोणी विचारत नाही.

तिसरं कारण स्थितीचं. 2000 सालापासून तिथे एक कंपनी कॉमिक्स तपासून दहापैकी गुण देते आणि मग अंक पारदर्शक प्लॅस्टिकच्या पेटीत कायमचा बंद करते. गुण थोडे वाढले की किंमत बरीच वाढते. पण पेटी फोडली की ते गुण गेले. म्हणजे सगळ्यात महाग कॉमिक असं आहे की जे कोणी वाचायचं नाही. बाईंनी आपल्याला गणिताच्या पेपरला गुण दिले, पण पेपर लॅमिनेट करून ठेवा असं कधी सांगितलं नाही!

आणि चौथं कारण, जे मला खरं वाटतं. दहाव्या वर्षी ज्याने कॉमिक वाचलं आणि हरवलं, तो पन्नाशीत पोचतो तेव्हा त्याच्याकडे पैसे आलेले असतात. काही जण नुसती गुंतवणूक म्हणून घेतात, हेही खरं. पण बाकीचे आपली हरवलेली वस्तू परत विकत घ्यायला जातात. एक गोष्ट मात्र लक्षात ठेवा. ज्या दोन पोरांनी सुपरमॅन तयार केला, जेरी सीगल आणि जो शुस्टर, त्यांना त्याच्या हक्कांचे मिळाले होते 130 डॉलर. ती रक्कम ज्या चेकने दिली, तो जुना चेक 2012 साली एक लाख 60 हजार डॉलरना विकला गेला.

आता दीपनगरला येते.

आपल्या लहानपणी सुपरमॅन नव्हता, आपला होता वेताळ. टाइम्सच्या 'इंद्रजाल कॉमिक्स'चा पहिला अंक निघाला मार्च 1964 मध्ये, तो वेताळाचाच. पुढे मँड्रेक आला, फ्लॅश गॉर्डन आला, 1976 मध्ये आबिद सुरतींचा बहादूर आला. ही मालिका मराठीसह बऱ्याच भाषांत निघत होती, आणि 1990 साली बंद पडली. 'अमर चित्र कथा' 1967 पासून आजही छापून मिळते, त्यामुळे तिच्या जुन्या प्रतींची ओढ तशी मर्यादित. इंद्रजाल पुन्हा कोणी तशी छापली नाही, म्हणून तिच्या जुन्या अंकांसाठी आज लोक पुण्या-मुंबईच्या फुटपाथांवर फिरतात. चांगल्या अंकाला हजारांत मागणी असते. अमेरिकेसारखे कोटी नाहीत, पण मूळ दुखणं तेच.

माझ्या दादाकडे एक लोखंडी पेटी होती, तुमच्यापैकी अनेकांना आठवत असेल. भुसावळ स्टेशनवरच्या पुस्तकांच्या दुकानातून, बाबांच्या मागे लागून, त्याने एकेक अंक जमवला होता. सुट्टीत आमच्या क्वार्टरच्या जिन्याखाली आम्ही लायब्ररी काढायचो. मालक दादा, कारकून मी. दिवसाला पंचवीस पैसे भाडं, उशीर झाला तर रोज दहा पैसे दंड. प्रत्येक अंकावर मी निळ्या शाईने नंबर घालायची. अमेरिकेतल्या तज्ज्ञांनी ते अंक पाहिले असते तर दहापैकी अर्धा गुणही दिला नसता. वर नंबर, कडांना तेलाचे डाग, मे महिन्यात कूलरच्या तुषारांनी फुगलेली पानं. शिवाय दादाने दहा-दहा अंक दाभणाने एकत्र शिवून टाकले होते. त्यांच्या हिशेबाने वाचणारा वाढला की किंमत घटते. आपल्या जिन्याखाली मात्र ज्याची पानं सुटी झाली, त्याच अंकासाठी भांडणं व्हायची.

1990 नंतर नवे अंक येईनात. दादा तरीही कित्येक महिने स्टेशनवर जाऊन विचारायचा. दुकानदार म्हणायचा, "पुढच्या हप्त्यात बघ." एका पोराला 'बंद झालं' म्हणायला त्यालाही जड जात असावं.

1995 ला माझी दहावी झाली, आणि बाबांची बदली. आपल्या कॉलनीचं एक वैशिष्ट्य तुम्ही सगळे जाणता. इथे घर कोणाचंच नव्हतं. बदली झाली किंवा निवृत्ती आली की क्वार्टर रिकामं करायचं, चाव्या द्यायच्या आणि निघायचं. कॅलिफोर्नियातलं ते घर घरच राहिलं, त्याचा माळा कोणी झाडला नाही, म्हणून अंक टिकला. आपले माळे दर काही वर्षांनी झाडले जात होते. खानदेशभर पसरलेल्या आपल्या बालपणाचं काय झालं असेल, तर ते असं किलोने गेलं.

आमची पेटी मी विकली. दादा पुण्याला इंजिनिअरिंगला होता. ट्रकमध्ये जागा कमी होती, आई म्हणाली बघ काय काढता येईल ते. मी दहावी झालेली, मोठी झालेली, मला ती कॉमिक्स पोरकट वाटत होती. रद्दीवाला दारात आला तेव्हा मी स्वतः पेटी ओढत आणली. 'चांदोबा'चे अंक धरून अकरा किलो भरले, तीन रुपयांप्रमाणे तेहतीस रुपये आले. त्यातून एक पेन घेतलं आणि मैत्रिणींबरोबर रसवंतीवर जाऊन रस प्यायला. दादाला विचारायचं मला सुचलंही नाही. पत्र टाकलं असतं तर आठ दिवसांत उत्तर आलं असतं.

दिवाळीला दादा नव्या गावी आला. सामान बघत फिरला आणि म्हणाला, "पेटी कुठे आहे?" मी स्वयंपाकघराच्या दारात उभी होते. मी तोंड उघडायच्या आत बाबा म्हणाले, "जागा नव्हती. काढून टाकली मी." दादा काही बोलला नाही. जेवला, आणि दोन दिवस लवकर परत गेला. मीही काही बोलले नाही. आज बोलेन, उद्या बोलेन, असं करता करता 2016 ला बाबा गेले.

आता या गोष्टीचा शेवट, तो तुमच्यामुळेच झाला.

दोन वर्षांपूर्वी आपल्या बॅचचा व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप सुरू झाला. एका रात्री आपल्यातल्या एकीने फोटो टाकला. तिसऱ्या रांगेत बसली आहे, नाव सांगत नाही, तीच लाजते. फोटोत वेताळाचा एक अंक. वरच्या कोपऱ्यात निळ्या शाईत माझ्या अक्षरातला 37. खाली तिने लिहिलं होतं, "एप्रिल 1991 ला नेला होता. मे महिन्यात बाबांची बदली झाली, द्यायचा राहिला. दंड किती झाला गं?"

मी हिशेब केला. आजच्या तारखेपर्यंत साडेबारा हजार दिवसांच्या वर होतात. दहा पैशांनी साडेबाराशे रुपयांच्या वर. पण खरा हिशेब वेगळाच आहे. जे अंक सगळ्यांनी इमानदारीने वेळेवर परत आणून दिले, ते अकरा किलोत गेले. हिने परत दिला नाही, तोच उरला. ती तो दाखल्यांच्या फाइलमध्ये ठेवून सहा गावं फिरली. का ठेवला, असं मी विचारलं. ती म्हणाली, "परत करायचा होता म्हणून."

कोट्यवधी रुपये कशाचे देतात, ते मला त्या उत्तरात कळलं. ऐंशी-नव्वद वर्षं, प्रत्येक घरबदलात, प्रत्येक साफसफाईत, कोणीतरी एकाने हातात घेऊन 'हा राहू दे' म्हटलेलं असतं. गोष्ट पुन्हा छापता येते. ते 'राहू दे' पुन्हा छापता येत नाही. श्रीमंत माणूस लिलावात तेवढंच विकत घेतो, आणि ते दुसऱ्याचं असतं.

त्याच रात्री मी नाशिकला दादाला फोन केला. फोटो पाठवला. बराच वेळ तो गप्प. मग त्याने विचारलं, "मागच्या पानाला पतंगी कागदाची पट्टी आहे का?" मी तिला विचारलं. होती. दादानेच लावलेली. तेव्हा मी त्याला सांगितलं की पेटी बाबांनी नाही, मी विकली होती.

दादा म्हणाला, "आणि मी तीस वर्षं बाबांवर राग धरून होतो." एवढंच म्हणाला आणि फोन ठेवला. दुसऱ्या दिवशी त्याचाच फोन आला, इकडच्या-तिकडच्या गोष्टी केल्या. तो विषय आम्ही पुन्हा काढलेला नाही. बाबांनी माझ्यासाठी जे अंगावर घेतलं, ते फेडायला आता कुठलाही लिलाव उपयोगाचा नाही.

म्हणून माझी दोन छोटी मागणी आहेत. पहिली, घरी गेल्यावर आपापल्या पेट्या, कपाटं बघा. कॉलनीतल्या गॅदरिंगचा फोटो, शाळेचं हस्तलिखित, प्रगतिपुस्तक, जे असेल ते. शाळेने एक कपाट द्यायची तयारी दाखवली आहे, त्यात ठेवू या. किंमत येणार नाही, पण आपल्यापैकी कोणाचा तरी 'मागच्या पानाला पट्टी आहे का' असा फोन येईल. दुसरी, दुसऱ्याची वस्तू रद्दीत घालण्याआधी त्याला विचारा. आता पत्रही टाकावं लागत नाही.

आणि तिसऱ्या रांगेतल्या मैत्रिणीचा दंड लायब्ररीच्या कारकून या नात्याने मी माफ करते. मालक आज माझ्याबरोबर आले आहेत, ते मागे खांबापाशी उभे आहेत, आपल्या तीन बॅच पुढचे. अंक ती आज आणते म्हणाली होती आणि आणलाही आहे. तो तिने त्यांच्या हातात द्यावा. प्लॅस्टिकच्या पाकिटात घालून आणला आहे, ते पाकीट आधी काढ गं. त्याला वाचायचा आहे.

भरीत थंड होतंय, मी थांबते. नमस्कार.