पोलिसाच्या हाती शब्दकोश नको
(शिळफाटा येथील सभेतील भाषण)



या शिळफाट्यावर उभं राहून गिरणीची गोष्ट काढायला मला संकोच वाटत नाही. या डोंगरावरचं पाणी खाली खोपोलीला आलं, त्याची वीज झाली आणि १९१५ पासून ती मुंबईच्या गिरण्यांत खेळू लागली. साचे मुंबईचे, जोर इथला. पुढे गिरण्या गेल्या, चिमण्या पडल्या, जमिनीवर टॉवर उठले. खात्यात बोललेली भाषा मात्र तुमच्या तोंडात अजून शाबूत आहे. आज तिच्याबद्दलच बोलायचे आहे.

सकाळी कार्यकर्त्यांत वाद झाला. शाहिरांच्या आजच्या वगात मंत्र्याला एक कचकचीत शिवी आहे. एक म्हणाले, काढा, नाहीतर पोलीस खेळ बंद पाडतील. दुसरे म्हणाले, मेलो तरी अक्षर काढणार नाही. मला विचारलं तेव्हा मी म्हणालो, सभेत सांगतो.

आधी पोलिसाचं बघू. खात्यात जॉबर आपल्या आईबहिणीचा उद्धार रोज करायचा. त्यापायी एखादा जॉबर गजाआड गेलेला पाहिलात कुणी? पण कामगाराचा पोर डफ घेऊन उभा राहिला, की सरकारचे कान एकदम नाजूक! अण्णा भाऊ साठे, अमर शेख आणि गवाणकर यांनी १९४४ साली लाल बावटा कलापथक काढले. स्वातंत्र्य आले, मोरारजी देसाई मुंबई प्रांताचे गृहमंत्री होते, आणि कलापथकावर बंदी, तमाशावर बंदी! तमाशाचं निमित्त काय, तर अश्लीलता. अण्णा भाऊंनी तमाशाला लोकनाट्य म्हटलं आणि खेळ चालू ठेवला. मग १९५१ चा मुंबई पोलीस कायदा आला, १९५४ साली नाटके तपासणारे मंडळ आले. संहिता आधी दाखवा, शिक्का घ्या, मग रंगमंचावर चढा. म्हंजे शब्द तोंडातून बाहेर पडायच्या आधीच त्याला अटक! या सक्तीविरुद्ध अमोल पालेकर २०१६ मध्ये उच्च न्यायालयात गेले.

आचार्य अत्र्यांचा 'मराठा' १९५६ च्या नोव्हेंबरात निघाला. त्याची भाषा सोवळी होती असं कुणी म्हणणार नाही. पण अत्र्यांच्या शिवीने कुठल्या मंत्र्याचं रक्त सांडलं? रक्त सांडलं ते त्याच्या वर्षभर आधी, २१ नोव्हेंबर १९५५ ला, फ्लोरा फाउंटनपाशी. ते गोळ्यांनी सांडलं, आणि ते आपलं होतं.

तुम्ही म्हणाल, कोर्ट आहे की! आहे. ऐका. वसंत दत्तात्रेय गुर्जर यांची 'गांधी मला भेटला' ही कविता १९९४ साली बँक कर्मचाऱ्यांच्या युनियनच्या बुलेटिनात छापली गेली. बुलेटिन सभासदांपुरतं, आपल्या गेटवरच्या पत्रकासारखंच. काही सभासदांना राग आला, संपादकाने पुढच्या काळात माफी छापली. विषय तिथं मिटायला हवा होता. पण तक्रार झाली, लातूरला अश्लीलतेचा गुन्हा नोंदला गेला, आणि सर्वोच्च न्यायालयाचा निकाल आला १४ मे २०१५ ला! ज्यांनी छापलं ते माफीमुळे सुटले. कवीने मात्र खटल्याला सामोरं जावं, असं ठरलं. एका कवितेला वीस वर्षांवर तारखा. तारखांवर तारखा म्हंजे काय, हे गिरणी कामगाराला मी सांगायला नको. शिक्षा निकालात नसते, फेऱ्यांत असते.

आणि २०१२ चे पालघर आठवा. बाळासाहेब ठाकरे वारले, मुंबई बंद राहिली. एका मुलीने त्या बंदबद्दल फेसबुकवर चार शब्द लिहिले, दुसरीने ते आवडल्याची खूण केली. दोघींना अटक! त्यात शिवीसुद्धा नव्हती. तो कायदा, ६६-अ कलम, सर्वोच्च न्यायालयाने २४ मार्च २०१५ ला रद्द केला. पण अटकेचा दिवस कोण परत देणार?

म्हणून बोलण्याला कसलाच बांध नको, असं मी म्हणत नाही. बायाबापड्यांनो, विणकाम खात्यातली गोष्ट आठवा. धोट्यातल्या कांडीचा धागा तोंडाने ओढून घ्यावा लागे. कुणाच्या तोंडचा धागा कुणाला चालायचा नाही, म्हणून अस्पृश्य कामगाराला चांगल्या पगाराच्या त्या खात्यात घेत नसत. १९२८ च्या संपात बाबासाहेबांनी हाच सवाल आपल्या पुढाऱ्यांना टाकला, आणि पुढाऱ्यांची अडचण झाली. तिथं जातीवरून मारलेली हाक ही नुसती शिवी नव्हती. ती त्या माणसाची साच्यावरची जागा खात होती, नळावरचं पाणी तोडत होती. म्हणून १९८९ च्या अत्याचार प्रतिबंधक कायद्याने चारचौघांत जातीवरून अपमान करणं गुन्हा ठरवलं, ते योग्यच केलं. 'अमक्यांची घरं जाळा' म्हणणाराही आत गेला पाहिजे. पण मंत्र्याला लाज वाटली, साहेबाच्या भावना दुखावल्या, याला पोलीस कशाला? मंत्र्याला माईक आहे, त्याने उत्तर द्यावं.

आता आपल्या वगातली शिवी. पोलिसाच्या भीतीने ती काढायची नाही, हे माझं मत पक्कं. पण शाहीर, मी ती दोनदा वाचली. दिलीय मंत्र्याला, आणि लागते त्याच्या आईला. ती माउली कुठल्या मंत्रिमंडळात होती? समोर आपल्याच आयाबहिणी बसल्यात, सूतखात्यात आणि घड्याखात्यात हीच शिवी आयुष्यभर ऐकलेल्या. त्यांच्याकडे बघून ती म्हणवते का, ते तुम्ही ठरवा. मी खोडणार नाही, कार्यकर्त्यांनीही खोडू नये. मंत्र्यालाच लागेल अशी दुसरी सुचत नसेल, तर या गर्दीला विचारा, पन्नास मिळतील!

डफ तापलाय. मी बसतो.