मदतनीस आणि त्याचा पगार



चिरनेरला व्याख्यानासाठी यावे आणि 25 सप्टेंबर 1930 ची आठवण काढू नये, हे होणे नाही. त्या काळी हे गाव पनवेल तालुक्यात मोडत असे. आज ते उरण तालुक्यात आहे. अक्कादेवीच्या रानात जंगल सत्याग्रहींवर गोळीबार झाला आणि आठ जण हुतात्मे झाले. सरकारने कृपावंत होऊन आम्हांला सरपण द्यावे, असे त्यांचे मागणे नव्हते. ते हक्क सांगत होते. कृपा आणि हक्क यांतला फरक ज्या गावाला इतका महाग पडला, तेथे आजचा विषय मांडणे आम्हांला सोपे वाटते. अपंग माणसाला रोज लागणारी मदत, आणि तिचे पैसे कोणी द्यावयाचे, हा तो विषय.

समजा, इथलाच एखादा तरुण आंबे उतरविताना झाडावरून पडला. पाठीचा कणा मोडला, पाय गेले, हातांतही जोर राहिला नाही. इस्पितळाने आपले काम केले आणि त्याला घरी धाडले. खरा प्रश्न येथून सुरू होतो. सकाळी त्याला उठवावयाचे कोणी? शौचाला नेणे, अंघोळ, कपडे, जेवण. पाठीला जखमा होऊ नयेत म्हणून रात्री दर दोन तासांनी कूस बदलणे, हे कोणी करावयाचे? आपण चटकन म्हणतो, “आई आहे ना!” आई करतेच. तिची मजुरी बुडते, कंबर धरते, आणि थोरल्या बहिणीची शाळा सुटते. आपण म्हणतो, या सेवेला काही खर्च लागला नाही. खर्च लागला, तो फक्त कोणत्या वहीत लिहिला गेला नाही. आणि त्या माउलीच्या मनात रात्री एकच विचार असतो : “माझ्यामागे याचे कोण करील?”

आता याच तरुणाच्या जागी सैन्यातला जवान कल्पा. कर्तव्य बजावताना तो शंभर टक्के अपंग झाला आणि दुसऱ्याच्या सोबतीवाचून त्याचे चालत नाही असे वैद्यकीय मंडळाने ठरविले, तर निवृत्तिवेतनाखेरीज त्याला सोबत्यासाठी निराळा भत्ता मिळतो. तो मिळालाच पाहिजे. दुसरे उदाहरण न्यायालयाचे. बारा वर्षांच्या एका मुलीला रस्त्यावरच्या अपघाताने जन्माचे अपंगत्व आले. तिच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने 2020 साली निकाल दिला. तिच्यासाठी दोन सोबती लागतील, प्रत्येकास दरमहा 5,000 रुपये, असा हिशेब धरून केवळ सोबतीपोटी 21 लाख 60 हजार रुपये न्यायालयाने मंजूर केले. म्हणजे ही सेवा घरच्यांच्या मायेवर फुकट सोडावयाची नसते, तिला मोल असते, हे आपल्या सर्वोच्च न्यायासनाने मान्य केलेले आहे.

मग आंब्यावरून पडलेल्याचे काय? मोडलेला कणा तोच, गरज तीच. पण तो रणांगणावर पडला नाही आणि त्याला कोणाच्या मोटारीने धडक दिली नाही. त्याच्या वाट्याला संजय गांधी निराधार अनुदान योजना येते, तीही उत्पन्नाच्या अटीत बसला तर. अपंगांसाठी ही रक्कम ऑक्टोबर 2025 पासून दरमहा 2,500 रुपये करण्यात आली. वाढ स्वागतार्ह आहे. पण रोजचे ते 83 रुपये होतात. त्यांत त्याने जेवावे, औषध घ्यावे, की माणूस ठेवावा?

कायदा मुका आहे असे मात्र नाही. 2016 चा दिव्यांग हक्क कायदा 19 एप्रिल 2017 पासून अमलात आहे. त्याच्या 38 व्या कलमाप्रमाणे ज्याला जास्त आधाराची गरज आहे तो स्वतः, किंवा त्याच्या वतीने दुसरे कोणी, नेमलेल्या अधिकाऱ्याकडे अर्ज करू शकतो. मंडळाने तपासणी करावी आणि त्या अहवालाप्रमाणे आधार द्यावा, असे ते कलम सांगते. 24 व्या कलमात काळजीवाहकाच्या भत्त्याचा स्पष्ट उल्लेख आहे. पण त्याच कलमात “सरकारच्या आर्थिक कुवतीच्या मर्यादेत” अशा अर्थाचे शब्दही आहेत. या शब्दांच्या आडोशाला पुष्कळ आश्वासने निजून राहतात.

परदेशांत हे कसे घडले? अमेरिकेत एड रॉबर्ट्स नावाचा तरुण होता. पोलिओने त्याचे मानेखालचे शरीर लुळे पडलेले, रात्री श्वासासाठी लोखंडी पेटीत निजावे लागे. तो 1962 साली बर्कलेच्या विद्यापीठात शिकावयास गेला. त्याचे म्हणणे साधे होते : स्वावलंबन म्हणजे सारे स्वतःच्या हातांनी करणे नव्हे, काय, केव्हा आणि कोणाकडून करून घ्यावयाचे हे आपण ठरविणे, हे स्वावलंबन. 1972 साली तेथे स्वतंत्र जीवन केंद्र उभे राहिले. ब्रिटनने 1996 साली कायदा करून मदतीचा पैसा थेट अपंगाच्या हाती देण्याची सोय केली. त्याने आपला मदतनीस आपण निवडावा. आपल्याकडे कोल्हापूरच्या नसीमा हुरजूक यांनी चाकाच्या खुर्चीवर बसून नोकरी केली आणि 1984 साली अपंगांसाठी संस्था उभारली. ‘चाकाची खुर्ची’ हे त्यांचे आत्मकथन आपण अवश्य वाचावे.

कोणी म्हणतील, घरच्या मायेला पैशात मोजावयाचे काय? आम्ही उलट विचारतो : दिवसाचे चार तास पगारी माणूस आला, तर माया कमी होईल, की आईला मुलाशेजारी दोन घटका निवांत बसता येईल? मालिश करणाऱ्याला, दाईला आपण पैसे देतोच. आणि मदतनीस मिळाला तर तो तरुण दुकान चालवील, शिकवण्या घेईल. बिछान्यावर पडून त्याला खाणारे तोंड व्हावयाचे नाही.

शेवटी, करावयाचे काय? ज्या घरी असा माणूस आहे त्याने सात दिवस वही ठेवावी : कोणती मदत, किती वेळा, किती वेळ. ती वही अर्जास जोडावी. अर्ज आला की पोच मागावी. ग्रामपंचायतीने आपल्या उत्पन्नाचा पाच टक्के भाग अपंगांसाठी खर्च करावयाचा असतो. तो कशावर गेला हे ग्रामसभेत विचारावे. आणि विचारताना त्या माणसाला उचलून सभेत आणावे. त्याच्याविषयी आपण बोलण्यापेक्षा त्याला काय हवे ते त्यानेच सांगितलेले बरे.

1930 साली या गावाने हक्क मागितला, तेव्हा समोर परक्याची बंदूक होती. आज समोर आपलेच सरकार आणि आपलाच कायदा आहे. मागणाऱ्यांनी मात्र एकत्र यावयास हवे, आणि त्या घराच्या दाराशी पहिले पाऊल शेजाऱ्याचे पडावे, एवढीच विनंती करून आम्ही आपली रजा घेतो.